सुमनचं शेवटचं सेमिस्टर

भूतखेत मी मानत नाही, हे आधीच सांगतो. तरुणपणी गावाकडं पैजेवर स्मशानात बसून भाकरी खाल्लीय. काही दिसलं नाही. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर विचारायचो, "बाई, घरी काम नाही का?" या ग्रुपवरचे अनुभव मी रोज वाचतो, आणि खरं बोलायचं तर निम्म्याहून जास्त मला थापा वाटतात. माझाही तुम्हाला तसाच वाटला तर वाटू दे. शिक्षण चौथी, मोबाईलवर एका बोटानं लिहितोय. चुका पोटात घाला.

आम्ही मूळचे विट्याकडचे, गलाईवाले. म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. चेन्नईत जॉर्ज टाउनच्या एका गल्लीत खाली दुकान आणि वर दोन खोल्या. दुकान आता पुतण्या बघतो. मुलगा कोइंबतूरला असतो, त्याचंही हेच काम. वर मी आणि माझी बायको सुमन राहायचो. आता मी एकटा.

सुमन लग्न होऊन आली तेव्हा सातवी शिकलेली. तमिळ ती बसच्या पाट्या वाचून शिकली. माझं तमिळ आजही बाजारातलं. "किती" आणि "नको" एवढ्यावर मी इथं जन्म काढला. मुलगा मार्गी लागल्यावर हिनं बाहेरून दहावी केली, बारावी केली, आणि साठी उलटल्यावर म्हणते, "मला कॉलेजात जायचंय." जवळच बायकांचं कॉलेज आहे, तिथं दुपारच्या शिफ्टला नाव घातलं. बीए, विषय इतिहास. गल्ली हसली. पुतण्या म्हणाला, "काकी, युनिफॉर्म शिवायचा का?" ही म्हणाली, "शिव, आणि वेण्याही तूच घालून दे."

पहिली दोन वर्षं तिनं नुसता अभ्यास केला. तिसऱ्या वर्षी, पोंगलनंतर शेवटचं सेमिस्टर सुरू झालं आणि बाई सुटल्याच! तिच्या वर्गातल्या चार पोरी होत्या, विशीच्या. दिव्या म्हणून एक, तोंडाळ, सगळ्यांची पुढारी. फातिमा म्हणून एक, अगदी गरीब स्वभावाची. आणखी दोघी. या चौघींत पाचवी ही. पोरींनी "पाटी", म्हणजे आजी, म्हणायला सुरुवात केली, तर हिनं दम दिला, "पाटी म्हणाल तर डब्यातलं थालीपीठ मिळणार नाही." मग ती झाली अक्का. मला मात्र थाथा, म्हणजे आजोबा. मी दिव्याला म्हटलं, "अगं, ती अक्का आणि मी थाथा? मग मी तिचा आजोबा झालो की!" तर म्हणते, "दिसताच की, थाथा."

काय काय केलं त्या सेमिस्टरात... तास बुडवून मरिनाच्या समुद्रावर जाऊन सुंडल, म्हणजे फोडणीचे उकडलेले चणे, खाल्लं. पोरींबरोबर थेटरात पिक्चर बघितला, शिट्टी वाजवायला शिकली. घरी येऊन मला वाजवून दाखवली, खालचा कामगार वर धावत आला. रोज उठून काहीतरी असायचं. "आज कँटीनला पार्टी आहे, उशीर होईल. सांबार गरम करून घ्या."

मी म्हणायचो, "या वयात?"

"या वयात नाही तर कुठल्या? पुढच्या वयात लाकडं लागतात. शेवटचं सेमिस्टर आहे हो, परत मिळणारंय का?"

मी वरवर कुरकुरायचो. पण संध्याकाळी तिच्या चपला जिन्यात वाजल्या की मला बरं वाटायचं. आल्याबरोबर सगळं सांगत बसायची. कुठल्या मॅडम चिडल्या, कुणाचं कुणाशी जमलंय. मी कधी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण त्या कँटीनचा समोसा किती तेलकट असतो ते मला ठाऊक होतं.

फेअरवेलला पाचजणींनी स्टेजवर झिम्मा-फुगडी करायची, नऊवारी नेसून, असं तिनं ठरवलं होतं. साड्या हिच्या, नेसवणारही हीच. आमच्या याच खोलीत खाट उभी करून पोरींना फुगडी शिकवली. फातिमा एकदा गरगरून थेट माझ्या ताटात बसली.

सेमिस्टर अर्ध्यावर आलं आणि सुमन गेली. सुट्टीच्या दिवशी दुपारी पुस्तक घेऊन आडवी झाली होती, उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले हार्ट. त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

फेअरवेलच्या दिवशी सकाळी चौघी दारात हजर. मी म्हटलं, "साड्या काढून ठेवल्यात, घेऊन जा." खरं म्हणजे मला त्या घरात नको होत्या. दिव्या म्हणाली, "थाथा, अक्का इथंच नेसवणार होती. आम्ही इथंच नेसणार. आणि नीट जमलं नाही तर स्टेजवर जाणार नाही. तिचा आयटम आहे, कसातरी करायचा नाही."

आता काय बोलणार? त्यांना आतली खोली दिली. दार लोटून घेतलं. मी बाहेर दाराकडं पाठ करून खुर्चीवर बसलो. आत मोबाईलवर व्हिडिओ लावला, मग भांडणं, मग रडकुंडीला आल्या. त्या व्हिडिओतली बाई भराभरा नेसते, तिला काय जातंय.

शेवटी मीच बोलायला लागलो. कारण सणासुदीला सुमन नऊवारी नेसायची तेव्हा निऱ्या खालून ओढून सरळ करायचं काम माझं. इतकी वर्षं तिच्या पायाशी बसून निऱ्या धरल्यात मी, तेवढं मला येतं. गाठ कुठं मारायची, निऱ्या केवढ्या घ्यायच्या, कुठं खोचायच्या, सगळं बाहेरून ओरडून सांगितलं, माझ्या मोडक्या तमिळमध्ये. आतून हसण्याचा आवाज यायला लागला. निऱ्या झाल्या. दिव्यानं विचारलं, "आता काष्टा कसा घालायचा?"

इथं माझं ज्ञान संपलं. काष्टा घालायची वेळ आली की सुमन म्हणायची, "तिकडं तोंड करा." नातवंडं झाली तरी तेच. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहायचो. आख्ख्या संसारात तिनं काष्टा कसा घातला ते मी पाहिलेलं नाही. मी पोरींना म्हटलं, "पुढचं मला माहीत नाही. तुमचं तुम्ही बघा."

तेवढ्यात खाली पाण्याची लॉरी आली. मी घागर घेऊन उतरलो. रांगेत पुतण्या माझ्या पुढंच होता, शेजारचा मारवाडी होता, सगळ्यांनी मला पाहिलंय. लाईनीत भांडण झालं, त्यात मीही दोन शब्द टाकले. बराच वेळ गेला. घागर भरून वर आलो तर आतलं दार उघडं आणि चौघी उभ्या... तयार होऊन. चापूनचोपून नेसलेल्या नऊवाऱ्या. आमच्या गावच्या बायका नेसतात तशा.

मी घागर खाली ठेवली. म्हटलं, "कुणी शिकवलं?"

दिव्या हसली. "तुम्हीच की, थाथा."

"मी खाली पाण्याला होतो."

"काय पण थाथा! बाहेर बसून सगळं सांगितलंत. टोक दोनदा दुमडा, मग खोचा, म्हणजे फुगडीत सुटत नाही. आणि इतकं छान तमिळ येतं तर रोज असं तोडून-मोडून का बोलता?"

मी खाली वाकून त्यांच्या निऱ्या बघितल्या. सुमन डावखुरी होती, तिच्या निऱ्या सगळ्यांच्या उलट्या बाजूला पडायच्या. या चौघी उजव्या हाताच्या. चौघींच्या निऱ्या उलट्या होत्या. मी खाली जाण्याआधी त्या कशा होत्या ते मी पाहिलं नव्हतं, दार लोटलेलं होतं, पण दिव्या म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, निऱ्या सोडा आणि डाव्या हातानं परत घ्या."

फातिमा हळूच म्हणाली, "थाथा, एक विचारू? शेवटी तुम्ही म्हणालात, 'झालं. आता त्यांना वळू दे, किती वेळ पाठ करून उभे राहतील.' ते कुणाला म्हणालात?"

मी घागर उचलून कोपऱ्यात ठेवली. मग पोरी घाबरतील म्हणून म्हटलं, "असंच... सवय आहे." त्यांना खरं अजून सांगितलेलं नाही.

मला त्या ओढून घेऊन गेल्या. पहिल्यांदाच ते कॉलेज पाहिलं. मला पुढच्या रांगेत बसवलं. चौघींनी फुगडी अशी घातली की पोरी बाकावर उभ्या राहून शिट्ट्या मारत होत्या. एकीचाही काष्टा सुटला नाही. मी रडलो, लपवत नाही. रडता रडता टाळ्या वाजवल्या. नंतर कँटीनमध्ये समोसा खायला लावला. तेलकटच होता.

पुतण्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, व्हिडिओतलं ऐकलं असेल पोरींनी." मी म्हटलं, व्हिडिओत माझा आवाज कुठून आला रे? पुढच्या आठवड्यात फोटोसाठी पोरी परत आल्या, तासभर झटल्या, काष्टा जमला नाही. शेवटी पंजाबी ड्रेसवर फोटो काढले. "थाथा, सांगा ना परत," म्हणाल्या. मी काय सांगणार?

कुणी म्हणेल भास. एकाला होईल, चौघींना एकदम होईल का? कुणी म्हणेल आत्मा. तर मग तिच्याच आवाजात का नाही बोलली, माझ्या का? मला काही कळत नाही. कुणाला कळत असेल तर लिहा, पण उगाच पूजापाठ सांगू नका, मी करणार नाही.

मुलगा कोइंबतूरला बोलावतोय. मी जात नाही म्हटलं. दुपारी गल्ली शांत असते तेव्हा खुर्चीवर बसून मी एखादं वाक्य मोठ्यानं बोलतो आणि थांबतो... पुढचं वाक्य माझ्या आवाजात, पण मी न बोलता येतंय का ते बघायला. अजून आलेलं नाही.