ठिबकच्या नळीतली केबल

पिंप्राळ्यात आमच्या घरामागे माझं शिवणकामाचं शेड आहे. बायका ब्लाउजची डिझाइनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, पण घरातलं वायफाय शेडपर्यंत पोचायचं नाही. म्हणून मी राउटरपासून केबल ओढली. उन्हाने खराब होऊ नये म्हणून ती ठिबकच्या जुन्या नळीत घालून कुंपणाच्या कडेने नेली.

चौथ्या दिवशी नेट बंद पडलं. बाहेर आले, तर सासरे नळीपाशी उकिडवे बसले होते, हातात भोकं पाडायचा पंच. गावची केळीची बाग सोडून आल्यापासून त्यांना इथे करमत नव्हतं. नळी दिसली म्हणून त्यांनी शेजारी पपईची रोपं लावली होती.

"यामा पाणीच नही शे," ते म्हणाले.

"आबा, त्यात माझं नेट आहे."

त्यांनी पंच खाली ठेवला. "मंग मी बठ्ठं बिघाडी टाकं."

सगळं बिघडवलं हे त्यांनीच कबूल केल्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. मी नवी केबल आणि नवा पाइप आणला आणि तो पुरायचं काम त्यांच्यावरच सोपवलं. त्यांनी दोरी धरून सरळ, वीतभर खोल चर खणला. संध्याकाळी जुन्या नळीतली केबल ओढून काढली आणि नळी मी नळाला जोडली. भोकं अगदी रोपांपाशीच होती.