विहिरीवरचं जांभूळ

फांदी कडकन मोडली आणि माझी धाकटी जाऊ विहिरीत गेली. जांभळं ओढायचा आकडा काठावर राहिला. मी वाकून पाहिलं. पाण्यावर जांभळं तरंगत होती, ती नव्हती.

मग डोकं वर आलं. पूर्वी पंप ठेवायला सासऱ्यांनी विहिरीत पाण्यालगत एक लाकूड आडवं घातलं होतं. ते तिच्या हाताला लागलं, तिने दोन्ही हातांनी मिठी मारली. तेही जांभळाचंच. हे लाकूड पाण्यात कुजत नाही, पण झाडावरची ओली फांदी न वाकता मोडते. तिला हे ठाऊक होतं. तरी हात पुरेना म्हणून तिने फांदीवर भार टाकला.

पोहता तिला येत नाही. मलाही नाही.

नवरा शेतात वखर हाकत होता. माझी हाक ऐकून दोर घेऊन पळत आला आणि विहिरीत डोकावला. तो तिचा जेठ, थोरला दीर. लग्न झाल्यापासून ती त्याच्यासमोर उघड्या डोक्याने उभी राहिलेली नाही. त्याला पाहताच तिने एक हात सोडला आणि पदर शोधायला लागली. पन्नाशी उलटलेली बाई, नाकातोंडात पाणी. दुसरा हात शेवाळावरून घसरत होता.

“जेठ शेतस ते, देव नही. लाकूड धर,” मी ओरडले. ती ऐकेना. मी नवऱ्याला मागे ढकललं.

“मन्हं काय चुकनं?”

“तुम्हनं तोंड. मांगे सरका.”

तो वखराचे बैल विहिरीशी आणायला गेला. तो दिसेनासा झाल्यावर तिने पुन्हा लाकूड धरलं. मी दोराचा फास खाली सोडला. तो काखेत घालायला एकेक हात सोडावा लागणार होता. ती हलेना.

“ते कोठे शेतस?”

“बैलसजवळ. तिकडे तोंड शे.”

तेव्हा तिने फास घातला. दोर रहाटावरून घेऊन नवऱ्याने बैलांच्या जूला बांधला होता. बैल चालले, मध्येच थांबले. ती अधांतरी फिरत राहिली. दोर जुना होता, मी त्याच्याकडेच पाहत होते. नवऱ्याने मागे न बघता बैल पुन्हा हाकले.

काठावर पालथी पडून तिने पाणी ओकलं. मग विचारलं, “त्यासनी दखं का?”

“बैलसनं ढुंगण दखं त्यासनी.”

बरगडी मोडली होती. जाऊ वाचली.