विचारल्याची नोंद

कोलाप माझी विद्यार्थिनी. कंबोडियाच्या तोन्ले साप सरोवरातल्या आमच्या तरंगत्या शाळेत ती सहा वर्षं शिकली. गावातली पाणी गाळायची टाकी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं दिलेली. लहानपणी कोलाप त्या टाकीवरचं संस्थेचं चिन्ह वहीत काढत बसायची. मोठी झाल्यावर तिथंच काम करणार, असं ती सगळ्यांना सांगायची.

पुढं ती राजधानीत, नोम पेन्हला कॉलेजात गेली आणि शेवटच्या वर्षाला खरोखरच त्या संस्थेत सहा महिन्यांसाठी कामाला लागली. दुसऱ्याच महिन्यात तिला आमच्या गावात पाठवलं. मासे का घटले, हे गावकऱ्यांना विचारून लिहून आणायचं होतं.

चार दिवस ती होडीतून दारोदार फिरली. हुन म्हातारीपाशी तर एक अख्खी दुपार बसली. मासे पाण्यात बुडालेल्या रानात अंडी घालतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते रानच जाळलं जातं, मग मासा येणार कुठून, असं हुननं तिला समजावलं. एक्केचाळीस पानं भरली. जाताना पोरीचा चेहरा असा फुलला होता, की जणू सरोवराचा प्रश्न सुटलाच.

तीन आठवड्यांनी तिला अहवालाची पानं जुळवायचं काम मिळालं. त्यात ‘गावकऱ्यांचं म्हणणं’ हे प्रकरण आधीच तयार होतं. तारीख तिच्या गावभेटीच्या दोन महिने आधीची. गावकऱ्यांनी प्रशिक्षणाची मागणी केली, असं त्यात लिहिलं होतं. रानाचं नावही नव्हतं.

ती संस्थेतल्या तिच्या साहेबांकडे गेली. माणूस वाईट नव्हता, हे तिनं मला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिची पानं त्यांनी वाचली होती, त्यांना ती आवडलीही होती. पण अहवाल ठरल्या तारखेला द्यावाच लागतो, म्हणाले.

“मग मला पाठवलंत कशाला?” तिनं विचारलं.

साहेबांनी तिची पानं नीट जुळवून तिच्या हातात परत दिली. मग म्हणाले, “विचारल्याची नोंद लागते.”

महिना संपला तशी कोलाप काम सोडून गावी आली. येताना तो छापील अहवाल घेऊन आली. सकाळी शाळेच्या ओसरीवर माणसं जमली आणि तिनं तो आमच्या ख्मेर भाषेत वाचून दाखवला. लोक चिडतील, तिलाच बोल लावतील, अशी तिला भीती होती.

चिडलं कुणीच नाही. प्रशिक्षण मागितलं कुणी, याचाच शोध सुरू झाला.

“सोक, तूच असशील,” हुन म्हणाली. “फुकटचं जेवण असलं की तू सगळ्यात पुढं.”

“मी तर त्या आठवड्यात बातामबांगला होतो, ओम,” सोक म्हणाला. गावात थोरांना ओम म्हणतात. “पण जेवण होतं का खरंच?”

हशा ओसरल्यावर हुननं कोलापकडे बोट केलं. “आता तू लिहिलेलं वाच. त्यात आम्ही काय बोललो, ते ऐकू दे.”

एक्केचाळीस पानांना चार सकाळी लागल्या. दर पानाला कुणीतरी थांबवायचं. नाहीसा झाला म्हणून लिहिलेला एक मासा सोकला उत्तरेच्या ओढ्यात अजून मिळत होता. रान पहिल्यांदा कधी जळलं यावर दोन भाऊ भांडले. कोलाप खोडत होती, पुन्हा लिहीत होती. शेवटी पानं साठ झाली.

मग कॉलेज पुरं करून, पदवी घेऊन ती परत आली. मधेच काम सोडलं होतं तरी संस्थेनं पक्की नोकरी देऊ केली होती, ती तिनं घेतली नाही. आता एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि सुट्टीत सरोवराकाठच्या गावांत फिरते. लिहिलेलं त्याच लोकांना वाचून दाखवल्याशिवाय गाव सोडत नाही. दोन वर्षांत सात गावं झाली. छापायला अजून कुणी तयार नाही.

संस्थेचा राग येतो का, असं मी तिला एकदा विचारलं.

“राग आला होता, गुरुजी. आता वेगळंच नवल वाटतं,” ती म्हणाली. “साहेबांना खोटं बोलता आलं असतं. मला खरं का सांगितलं असेल त्यांनी?”

तिनं साहेबांना पत्र लिहून तेच विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.