अण्णांनी निवडलेला सिनेमा

"आधी सांग, घरात काय चाललंय?"

दुकानात पाऊल टाकलं की अण्णा चष्मा कपाळावर सरकवून हेच विचारायचे. बेळगावात कॅम्पमध्ये त्यांची सिनेमांची लायब्ररी होती, आधी कॅसेटींची, मग सीडींची. सिनेमाचं नाव ठरवून येणारं गिऱ्हाईक त्यांना आवडत नसे. "औषध रोगी ठरवतोय व्हय?" म्हणायचे.

त्यांचे नियम ठरलेले होते. दिग्दर्शक समजून घ्यायचा तर त्याचा पडलेला सिनेमा आधी बघायचा, गाजलेला मागनं. परीक्षा असलेल्या घरात खुनाचा सिनेमा द्यायचा नाही. भुताचा मात्र नव्या जोडप्याला खुशाल द्यायचा, "जवळ बसत्यात!" आणि टीव्हीवरच्या ज्या विनोदी मालिकांत मागून हशा ऐकू येतो, त्या एकट्या माणसाला कधीच नाही. "हसणारी माणसं पेटीत, आणि घर रिकामं. लई वाईट रं ते."

मी हायस्कुलात शिकवायचो. सिनेमा बघायला मला अण्णांनीच शिकवलं. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, पण तो हरलेला तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला.

एका जवानाची बायको दर शनिवारी काहीतरी हसायचं घेऊन जायची. नवरा सीमेवर होता. एका हिवाळ्यात तो तिकडंच गेल्याची बातमी आली. महिन्याभरानं ती आली, तेव्हा मी दुकानात होतो.

"काका, रडू येईल असं काहीतरी द्या," ती म्हणाली. "मला अजून रडूच आलेलं नाही."

अण्णा उठले. बराच वेळ कपाटं धुंडाळून त्यांनी एक सीडी काढून दिली. दुसऱ्या दिवशी ती सीडी परत घेऊन आली. "नाही आलं," एवढंच म्हणाली आणि गेली.

अण्णांनी मला आपले दोन्ही रिकामे हात दाखवले. "मास्तर, तिला द्यायला माझ्याकडं काय न्हाय."

पुढं सगळे सिनेमे लोकांच्या फोनवर आले आणि दुकान बंद झालं. त्याच सुमारास अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कळायला उशीर झाला होता. आधी एक डोळा गेला, वर्षात दुसरा.

मी रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जायचो. सिनेमा लावायचा आणि दिसेल ते सांगायचं. "नुसतं कोण बोलतंय ते काय सांगतोस? उजेड कुठनं येतोय ते सांग की," असं खेकसायचे. मग मी खिडकी सांगायचो, सावली सांगायचो.

एकदा त्यांचा लाडका जुना सिनेमा चालू होता. "आता नायिका दारात उभी आहे," मी म्हणालो.

"थांब." त्यांचा चेहरा पडला. "शंभरदा बघितलाय हा. पण तिचं तोंड आठवंना झालंय. बंद कर."

त्यानंतर त्यांनी मला कधीच काही लावू दिलं नाही. मी गेलो तरी भिंतीकडं तोंड करून बसून राहायचे. चार महिन्यांनी छातीत कफ झाल्याचं निमित्त झालं आणि अण्णा गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेलो. घरात अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एकट्याच होत्या. तीस वर्षं दुकानात डबा पोचवला त्यांनी, पण अण्णांबरोबर बसून त्यांनी एकही सिनेमा बघितला नव्हता. चहाचा कप ठेवून त्या समोर बसल्या.

"साऱ्या गावाला निवडून दिले त्यांनी," त्या म्हणाल्या. "मला कुठला बघायला सांगितलाय? तुमच्यापाशी काय तर बोलले असतील की."

अण्णा वहिनींबद्दल माझ्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते.

"व्हय, सांगितलाय," मी म्हणालो.

पिशवीतून लॅपटॉप काढला आणि म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या भांडणांचा एक हलकाफुलका सिनेमा लावला. वहिनी पदर सावरून, पाठ ताठ करून बसल्या. दोन तासांत एकदाही हसल्या नाहीत. पडदा काळा झाला, तरी तिकडंच बघत होत्या.

मग हळूच म्हणाल्या, "उद्या कुठला सांगितलाय?"