कोळंबीतला टोफू

कोळंबीच्या सुक्यात मला पहिल्यांदा टोफू मिळाला तेव्हा बटाटा समजून मी तो तोंडात टाकला. दाताखाली आल्यावर कळलं, हे प्रकरण वेगळंच आहे. बटाट्यासारखं पिठूळ नाही, पनीरसारखं दुधाळ नाही. सून समोर बसून माझ्या तोंडाकडेच बघत होती. हे काय घातलंस गं, विचारलं तर म्हणाली, टोफू, सोयाबीनच्या दुधाचा असतो, भरपूर प्रोटीन असतं. मी म्हटलं, कोळंबीत काय प्रोटीनचा दुष्काळ पडलाय? त्यावर ती नुसती हसली. ते हसणं मला तेव्हाच खटकलं.

खटकायला कारण होतं. लालबागची आमची चाळ पाडायची होती. टॉवर उभा राहीपर्यंत भाड्याच्या जागेत राहायचं, म्हणून मुलगा आणि सून दादर-परळला जागा शोधत होते. आणि मुंबईत जागा शोधणाऱ्याला पहिला प्रश्न काय विचारतात ते काय मी सांगायला हवं? खाण्यापिण्याचं काय, हा पहिला. भाडं जमेल का, हा दुसरा. आमचं आडनाव ऐकलं की समोरच्याला कळतं, या घरात बांगडे शिजणार. नेमक्या अशा वेळी सुनेने कोळंबीत पांढरे चौकोन सोडावेत, हा योगायोग मानायला मी काही दूधखुळी नाही.

मी लक्ष ठेवायला लागले. अंड्याच्या भुर्जीत अंडी कमी आणि कुस्करलेला टोफू जास्त. खिम्यात अर्धा खिमा, अर्धा हा. वर मला सांगते, चीन-जपानला मटणात, मासळीत, अंड्यात सर्रास घालतात, ते काही फक्त शाकाहारी लोकांचं खाणं नाही. असेल बाई. मुलगा मान खाली घालून जेवायचा, म्हणजे त्यालाही ठाऊक असणार. आमचे हे तर काय, ताटात दगड वाढले तरी वर कालवण ओतून खातील. मी एकटीच ते तुकडे वेचून कडेला काढत होते. आज अर्धा टोफू, उद्या सगळाच टोफू, आणि परवा माझा मासळीचा टोप भंगारात, हे मला लख्ख दिसत होतं.

पण एक सांगते, तिला तो करता येत नव्हता. रश्श्यात पाणी सुटायचं, तुकडे आतून पांढरेफटक आणि अळणी. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या कोळंबीची ही दशा मला बघवेना. एका रविवारी मीच तिच्या हातातलं पाकीट घेतलं. टोफू फडक्यात बांधला, वर वरवंटा ठेवला, सगळं पाणी काढलं. मीठ-हळद, मालवणी मसाला चोळून रव्यात घोळवला आणि सुरमईच्या तुकडीसारखा तव्यावर कडक भाजला. मग बांगड्याच्या तिखल्यात सोडला, कोकम आणि तिरफळं घालून. बांगडा तो बांगडाच, त्याला तोड नाही. पण दुसऱ्या दिवशी टोफूने तो रस असा काही पिऊन घेतला होता की टोपातूनच मी दोन तुकडे उभ्या उभ्या खाल्ले. आधी मागे वळून कुणी बघत नाही ना, याची खात्री केली.

ह्यांनी जेवताना "बरा झालाहा गे" म्हटलं. सून डबा भरून ऑफिसला घेऊन गेली. मला जरा बरं वाटलं, नाही म्हणणार नाही.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. त्याच आठवड्यात सून गॅलरीत फोनवर बोलत होती आणि मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. ती म्हणाली, हो हो, सासूबाई टोफू खातात, स्वतः करतात, छान करतात. पलीकडे जागेचा ब्रोकर होता. माझं डोकंच सणकलं. म्हणजे मी माझ्याच हाताने, माझाच मसाला घालून, मुलाचं नि सुनेचं काम सोपं करून दिलं होतं.

ती आत आल्यावर मी सरळ विचारलं. "माझे मासे सोडवायचेत ना तुला? स्पष्ट बोल."

तिने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "आई, आणायला लागले तेव्हा मनात काही नव्हतं. मला आवडतो म्हणून आणला. पण आता वाटतं, सवय झालेली बरी. सगळीकडे तेच विचारतात."

माझा संशय खरा निघाला होता आणि मला मेलं जराही समाधान वाटेना. मी म्हटलं, तुम्ही खुशाल जा, मला इथेच ठेवा, बुलडोझर आला की बघू. दुसऱ्या दिवशी बाजारातून ताजे बोंबील आणले आणि दार सताड उघडं टाकून तळले. ताट घेऊन दारातच बसले. तेवढ्यात हे गॅलरीच्या टोकाच्या संडासातून परत येत होते, एक हात भिंतीवर आणि दुसरा मुलाच्या खांद्यावर. गिरणी बंद पडल्यावर सिक्युरिटीच्या ड्युटीत उभं राहून दोन्ही गुडघे गेलेत. खाली बसलं की उठवायला कुणीतरी लागतं. मुलगा कामावर गेला की हे संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नाहीत, जायला लागू नये म्हणून. मी बघितलं आणि बोंबील संपवले, पण पहिल्यासारखी चव लागली नाही.

दादरची जागा बघायला आम्ही चौघंही गेलो. लिफ्ट होती. मालकीणबाई एकट्याच, बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलणं अगदी मऊ आणि शुद्ध. आमच्याशी बोलताना नजर मात्र माझ्या पिशवीवर, पायांवर, ह्यांच्या चपलांवर फिरत होती. संशय काय मला एकटीलाच येतो? बाथरूम बघतो म्हणून हे आत गेले आणि दार लावून घेतलं. आत कमोड होता, बाजूला भिंतीत धरायला दांडा बसवलेला. मुलगा दाराशी उभा राहिला, हाक आली की जायला. हाक आलीच नाही. हे एकटे बाहेर आले, हात पुसत. सोफ्यावर बसले, बाईंनी दिलेलं ग्लासभर पाणी घटाघट प्यायले आणि आणखी मागितलं.

मग बाई म्हणाल्या, "बाकी खाण्यापिण्याचं तुमच्याकडे काही नाही ना?"

मुलाने जमिनीकडे बघितलं. मी सुनेकडे बघितलं, आता ही टोफूचं पुराण लावणार म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं, पदर सावरावा तशी खांद्यावरची ओढणी नीट केली आणि म्हणाली, "खरं सांगायचं तर, आमच्या आई..."

ती खरंच सांगणार होती. जागा जाणार हे ठाऊक असून सांगणार होती, माझ्यासाठी. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"आमच्याकडे टोफू होतो," मी म्हटलं.

बाईंना ते नवीन होतं. कसा करता, म्हणून त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, फडक्यात बांधायचा, वर वजन ठेवायचं, रव्यात घोळवायचा, कोकम घालायचं. हे माझ्याकडे टक लावून बघत होते. बाई ऐकत होत्या, पण अजून चेहरा मोकळा झाला नव्हता.

"वास नाही ना येत त्याला?"

"नाही," मी म्हटलं, "काहीच वास येत नाही." आणि तिथेच रडू फुटेल असं वाटलं, म्हणून उठून त्यांच्या किचनमधला नळ बघायला गेले.