बारा भाकरींची वाट

आमच्या मायचं अंतराचं माप म्हणजे भाकर. वाटेत जेवढ्या लागतील, तेवढं गाव लांब. दोंडाईचा एका भाकरीवर, सुरत दोन भाकरींवर. इंग्रजांच्या राज्यात मोठा भाऊ कराचीच्या विमानतळावर कारकून म्हणून निघाला, तेव्हा तिनं मोजून बारा बांधल्या आणि सारंगखेड्याच्या नदीकाठावर त्याला नावेत बसवून आली. चार वर्षं तो फिरकला नाही. कुणी टोचलंच तर माय ठणकावायची, "बारा भाकरीनी वाट शे! कसा यी मन्हा आंडोर?" लेकाची बाजू तिनं अशी लावून धरलेली.

मी नुकतीच सातवीची फायनल पास झालेली, शहाणपणा अंगात मावत नव्हता. भावाची पत्रं मीच वाचायची. एकदा त्यानं मोठ्या कौतुकानं लिहिलं: कराची ते मुंबई सरळ रेषेत साडेपाचशे मैल, विमान सकाळी निघतं, मध्ये अहमदाबादला टेकतं आणि दुपारी मुंबईत उतरतं. माय चुलीपुढे बसलेली. तिला मैल काय कळणार, म्हणून मी पंडितीण सांगून मोकळी झाले, "माय, इमानमा एकच भाकर लागस!"

तिचा हात परातीतच थांबला. "एक?"

"एकच!"

मुंबईहून आमच्या गावी यायला पुढे आणखी रात्र न् दिवस लागतो, आणि विमानात कारकुनाला कोण बसवतो, हे सांगायचं मला सुचलंच नाही. तव्यावरची भाकर करपली. ती म्हणाली, "मंग तो का बरं उना नही?"

जळली मेली माझी अक्कल! तो का आला नाही, याचं तिचं कारणच मी काढून घेतलं. नंतर शंभरदा समजावलं, विमान साहेबलोकांचं, आपलं नव्हे. ती मान हलवायची. पण बारा भाकरींचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. शेजारीण टोचून गेली तरी मुकाट पीठ मळत राहायची. मला ते बघवेना. शेवटी भावाला गुपचूप लिहिलं, रजा मिळव, पण ये.

घोड्यांच्या जत्रेच्या दिवसांत तो आला. नावेतून उतरला तो इंजिनाच्या कोळशानं काळवंडलेला, डोळे लालबुंद. माय काठावरच उभी होती. ना तोंडावरून हात फिरवला, ना ख्यालीखुशाली. आधी विचारलं, "इमानमा उना का रे?"

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! "नही वं माय, आगगाडीमा. तीन दिन लागनात."

माय वाळूतच बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मग पदरानं नाक पुसत माझ्याकडे वळली.

"देख, दूरच शे ना?"

"हां माय," मी म्हटलं, "भलतं दूर शे."