बिनमिरचीचा लाल मासा

मोठ्या बाई मिरचीशी बोलत. थट्टा नाही, खरोखर बोलत. नव्वदच्या दशकात मोखाड्याला आम्ही दोघी एका भाड्याच्या घरात राहायचो. मी नवी शिक्षिका, त्या मुख्याध्यापिका, म्हणून साऱ्या गावाच्या मोठ्या बाई. जेवायला बसल्या की ताटातली हिरवी मिरची उचलून विचारत, "काय गं, आज जोर आहे ना?" आणि कडकन तुकडा मोडत. जोर नसला, तर पुढच्या बाजारात विकणारीची हजेरी घेत.

अशा बाईंच्या बोटांना आमवात झाला. सकाळी मूठ उघडेना, हातातला खडू गळून पडू लागला. नाशिकच्या डॉक्टरांनी समजावलं की या आजारात आपलं शरीरच आपल्या सांध्यांवर उलटतं. "म्हणजे घरचीच माणसं उलटली," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कशानं सूज वाढते ते कळेपर्यंत मिरची, टोमॅटो, वांगी, बटाटा, डाळी, गहू, दूध सगळं बंद करायला सांगितलं. "मग ताटात काय वाढू, रांगोळी?" बाईंनी विचारलं. भात चालेल, मासे खा, पण तळू नका, असं उत्तर मिळालं.

खरी भीती आजाराची नव्हती, अण्णांची होती. अण्णा म्हणजे बाईंचे नाशिकचे थोरले भाऊ. पथ्य नीट पाळलं नाहीस आणि हात सुधारला नाही, तर आखाडात येऊन तुला घेऊन जाईन, असं त्यांनी बजावलं होतं. बाईंचे यजमान लवकर गेले होते. त्यानंतर त्यांनी जो काही संसार केला तो या शाळेतल्या पोरांचा. नाशिकला जायचं म्हणजे भावाच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून राहायचं. हा विषय निघाला की बाई भरलं ताट बाजूला सारत, आणि ते मला बघवत नसे.

आठवडी बाजारात नदीचे मासे पळसाच्या पानावर वाटे लावून विकायला येत. आमच्या पगारात ते सहज बसत. मासेवालीला बाईंच्या पथ्याचं भारी नवल. "मिरची नाय खात? मंग जेवता कशापायी, बाय?"

"जगायला गं. आजवर नुसती जेवतच होते."

घरी मासा साफ करून त्याला मीठ-हळद लागायची. आलं, लसूण, कोथिंबीर आणि परसातला गवती चहा पाट्यावर वाटायचा. वाटायचं मी, हुकूम सोडायचे बाईंनी. ते वाटण माशाला चोळून, वर आमसुलाचं पाणी शिंपडून तो पापडाच्या जाळीवर, निखाऱ्यांवर भाजायचा. वासानं शेजारची मांजरं आधी येऊन बसत. चव फक्कड असायची, तरी बाई ताटाकडे बघून उसासा टाकत. "हा बघ कसा फिकुटला आहे. मी आजारी, हाही आजारी. कोणी कोणाला धीर द्यायचा?"

एक दिवस त्या भर वर्गातून तरातरा घरी आल्या. वर्गातल्या एका मुलीनं सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून मेंदी लावली होती, आणि तो लालभडक हात पाहून बाईंना शिकवायचं भानच उरलं नव्हतं. त्या दिवशी मासा चुरगळलेल्या सागाच्या पानांत गुंडाळून भाजला. पान उघडलं तर आत लालबुंद मासा. बाईंनी घास घेतला आणि "हाऽ हाऽ" करत पाणी मागितलं. मीही घटाघटा प्यायले. मिरचीचा कण नव्हता. मग दोघी इतक्या हसलो की मांजरं पळाली.

काटे मात्र मी काढायची. नदीच्या मासळीचे बारीक काटे त्यांच्या सुजलेल्या बोटांना सापडत नसत. "काटा राहिला तर वर्गाबाहेर उभी करीन," ही धमकी रोजची.

आखाडात अण्णा आले ते नेमके जेवणाच्या वेळी. दारातूनच त्यांना लाल मासा दिसला. "शाले, हे तुझं पथ्य?"

"बस. आधी खा, मग ओरड."

अण्णांना तिखट अजिबात सोसत नसे. एका हातात पाण्याचा पेला धरून, डोळे मिटून त्यांनी घास घेतला आणि वाट पाहिली. कपाळावर घाम आला, पण तिखट काही लागेना.

"मिरची कुठाय?"

"बाजारात."

दुसऱ्या घासाला त्यांना काटा लागला. बाईंनी त्यांचं ताट आपल्याकडे ओढलं. मी मदतीला पुढे सरकले, तर त्यांनी नजरेनंच बसवलं. त्या वाकड्या बोटांनी, सावकाश, एकेक काटा वेचून त्यांनी पानाच्या कडेला मांडला. अण्णा त्या बोटांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ते एकटेच एसटीत बसले. पिशवीत सागाची पानं होती.

आजार गेला नाही, कमी-जास्त होत राहिला. पण निवृत्तीपर्यंत फळ्यावर अक्षर बाईंचंच होतं. नंतर मात्र त्या नाशिकला गेल्या. शेवटची भेटले तेव्हा मी सागाची पानं घेऊन गेले आणि गॅसवर जाळी ठेवून मासा भाजला. धुरानं शेजारी गोळा झाले. बाईंची बोटं तोवर पार मिटली होती. मी काटे काढले, घास भरवला. त्या डोळे मिचकावत "हाऽ हाऽ" करून म्हणाल्या, "पाणी आण गं. आज भलताच जोर आहे."

त्या गेल्याला बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. मासा भाजला की आजही पहिला तुकडा काटे काढून मी ताटाच्या कडेला ठेवते. मग लक्षात येतं. तो मीच खाते, आणि वर पेलाभर पाणी पिते.